माशाच्या वयाचं गणित

१ जानेवारी २०२१ पासून चीनच्या यांगत्सी नदीत जाळं टाकायला बंदी आहे. नदीचा मुख्य प्रवाह, मोठ्या उपनद्या, पोयांग आणि डोंगटिंग ही दोन विशाल सरोवरं, सगळीकडे. दहा प्रांतांतल्या १ लाख ११ हजार होड्या किनाऱ्याला लागल्या आणि २ लाख ३१ हजार मच्छीमारांना पिढीजात धंदा सोडावा लागला. मुदत दहा वर्षांची. एवढ्या मोठ्या निर्णयाची बातमी आली की चर्चा सरकारभोवती फिरू लागते. कुणाला तिथल्या सत्तेचा धाक दिसतो, कुणाला तिची कार्यक्षमता. मला मात्र ‘दहा’ या आकड्याबद्दल लिहायचं आहे. हा आकडा एका मत्स्यशास्त्रज्ञाने मांडला, तो माशांच्या वयावरून काढला, आणि सरकारने तो मानायला जवळजवळ पंधरा वर्षं लावली. माझं म्हणणं असं आहे की नदीतली वा समुद्रातली मासेमारी किती काळ थांबवायची, हे त्या पाण्यातल्या माशांच्या आयुष्यावरून ठरलं पाहिजे. बाजाराची सोय, आर्थिक वर्ष किंवा मंत्र्यांची मुदत ही मोजपट्टी होऊ शकत नाही.

त्या शास्त्रज्ञाचं नाव त्साओ वेनश्वान. वूहानच्या जलजीवशास्त्र संस्थेत त्यांनी आयुष्य घालवलं. २००६ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी जाहीरपणे मागणी केली की यांगत्सीतली मासेमारी सलग दहा वर्षं पूर्ण बंद करा. बंदी तेव्हाही होती. २००२ मध्ये प्रयोग म्हणून आणि पुढच्या वर्षापासून संपूर्ण नदीत, विणीच्या हंगामात तीन महिने जाळी बाहेर ठेवायची असा नियम झाला होता. कागदावर तो शहाणपणाचाच वाटतो. मासे अंडी घालतात तेव्हा त्यांना त्रास द्यायचा नाही.

त्साओंनी दाखवलेला दोष असा. यांगत्सीच्या अर्थकारणात चार मासे मुख्य: काळा कार्प, गवत्या, चंदेरा आणि मोठ्या डोक्याचा कार्प. यातले गवत्या आणि चंदेरा आपल्याही ओळखीचे आहेत. १९५९ मध्ये ते भारतात आले, आणि आज महाराष्ट्रातल्या गावतळ्यांत, शेततळ्यांत कटला-रोहूबरोबर त्यांचं बीज सोडलं जातं. आपण त्यांना तळ्याचे मासे समजतो, पण ते मूळचे मोठ्या नदीचे. तळ्यात ते वाढतात, तिथे त्यांची वीण होत नाही. म्हणून तर त्यांना बीजकेंद्रात संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. नदीत मे-जूनमध्ये पाणी कोमट होऊन चढू लागलं, की त्या चढत्या पाण्याच्या इशाऱ्यावर मादी अंडी सोडते. ती अंडी तळाशी बसत नाहीत. प्रवाहात अधांतरी राहून शेकडो किलोमीटर वाहत जातात आणि वाहता वाहताच फुटतात. पिल्लं खालच्या सरोवरांत शिरतात, तिथे वाढतात, आणि साधारण चार वर्षांनी पहिल्यांदा वीण करण्याजोगी होतात.

आता तीन महिन्यांची बंदी या आयुष्यावर ठेवून पाहा. आईला अंडी घालू दिली, पिल्लं जन्मली, आणि ती बोटभर व्हायच्या आत बंदी उठली. बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी बारीक आसाची जाळी पाण्यात. सरोवरांच्या उथळ कडेला बांबू आणि जाळ्यांचे चक्रव्यूह उभे केले जात, त्यांत शिरलेलं बोटुकलंही बाहेर पडत नसे. बॅटरीचा झटका देऊन मासे मारणारे वेगळेच. चार वर्षं लागतात तिथे तीन महिने दिले, तर फक्त पुढच्या मोसमाला पकडायला पिल्लं तयार होतात. वीण करणारा मासा तयार होत नाही. त्साओंचा हिशेब सरळ होता: चार वर्षांत एक पिढी, म्हणजे दहा वर्षांत दोन-तीन पिढ्या. पहिली पिढी वाचेल, तिची पिल्लं वाढतील, आणि त्यांचीही पिल्लं आली की नदीत पुन्हा सगळ्या वयाचे मासे दिसतील. हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. पण हे ठामपणे म्हणायला पन्नास वर्षं मासे हाताळलेले असावे लागतात.

त्यांनी ते हाताळले होते. १९३४ साली सिच्वान प्रांतात जन्म, १९५५ मध्ये सिच्वान विद्यापीठातून जीवशास्त्राची पदवी, आणि त्याच वर्षी वूहानची संस्था. तिथे वू श्येनवेन आणि ल्यू च्येनखांग ही चिनी मत्स्यशास्त्राची ज्येष्ठ मंडळी काम करत होती. ल्यूंनी १९४० च्या दशकात, युद्धाच्या धामधुमीत, भातखाचरांतल्या वामीसारख्या एका माशाबद्दल दाखवून दिलं होतं की तो जन्मतः मादीच असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. अशा माशातले सगळे मोठे मासे पकडले, तर मागे नरच उरत नाहीत. माशाचं वय ही हिशेबात धरायची गोष्ट आहे, हे त्या संस्थेच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. त्साओंनी सुरुवातीला हूपे प्रांतातल्या ल्यांगझी तलावात ब्रीम या चपट्या माशाचा अभ्यास केला: काय खातो, कधी वितो, किती वाढतो. पुढे तो मासा चीनभर तळ्यांत पाळला जाऊ लागला.

पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ते तिबेटच्या पठारावरचं. तिथल्या थंड, वेगवान नद्यांत कार्पच्या कुळातलाच एक गट राहतो. आपल्याकडे काश्मीर आणि उत्तराखंडात त्याचे भाऊबंद सापडतात. कुमाऊँ-गढवालात त्यांना असेला म्हणतात. त्साओ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पठारावर जाऊन हे मासे गोळा करत राहिले. त्यांची मांडणी करताना एक क्रम लक्षात आला. पठाराच्या कडेला, कमी उंचीवर राहणाऱ्या जातींच्या अंगावर खवले आहेत, तोंडाशी मिशा आहेत, घशातल्या दातांच्या रांगा जास्त आहेत. वर जावं तसे खवले विरळ होतात, मिशा कमी होतात, दातांच्या रांगा घटतात. सगळ्यात उंच भागातल्या जाती जवळजवळ उघड्या अंगाच्या. १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलं की या तीन पायऱ्या म्हणजे पठार टप्प्याटप्प्याने उचललं गेल्याच्या खुणा आहेत. जमीन वर गेली, पाणी थंड झालं, आणि जे मासे त्या थंडीत टिकले त्यांच्या अंगावर तो इतिहास उरला. हिमालयाच्या पलीकडची उलथापालथ माशाच्या घशातल्या दातांवरून वाचणं ही मला विज्ञानातली फार सुंदर गोष्ट वाटते. आणि असं वाचन करणाऱ्या माणसाला काळाची जाण वेगळी येते. त्याला कळतं की हा मासा इथे पोचायला लाखो वर्षं लागली आणि तो संपायला एक पिढीही लागणार नाही.

त्या पठारावर आणखी एक धडा होता. छिंगहाई सरोवरात बिनखवल्यांचा एक कार्प राहतो. पाणी खारं आणि थंड, अन्न तुटपुंजं, त्यामुळे तो इतका सावकाश वाढतो की अर्धा किलो वजन व्हायला दहाएक वर्षं लागतात. १९६० च्या भीषण दुष्काळात माणसं जगवण्यासाठी या सरोवरातून एका वर्षात २८ हजार टनांहून जास्त मासे काढले गेले. भुकेल्या माणसाने मासा पकडला यात दोष शोधायचा नाही. पण दुष्काळ संपल्यावरही उपसा चालूच राहिला, आणि २००२ मध्ये सरोवरात फक्त २,५९२ टन मासा शिल्लक असल्याचा अंदाज आला. तिथे १९८० च्या दशकापासून बंदी घातली जात होती; आधीच्या बंदीत थोडी पकड चालू ठेवलेली असे, पुढे ती पूर्ण झाली. सरोवराला येऊन मिळणाऱ्या नद्यांवरचे अडथळे काढले, माशांना वर चढता यावं म्हणून पायऱ्या बांधल्या. २०२० पर्यंत साठा एक लाख टनांपर्यंत गेला. अठरा वर्षांत जवळजवळ चाळीसपट. सावकाश वाढणाऱ्या माशाला वेळ दिला, वाट मोकळी केली, तर तो परत येतो, हे चीनमध्येच, सरकारच्या डोळ्यांसमोर घडत होतं. यांगत्सीसाठी वेगळा पुरावा कशाला हवा होता?

२००६ ते २०२१ या काळात जे गेलं, त्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. त्या वर्षी, म्हणजे त्साओंनी मागणी केली त्याच २००६ मध्ये, नदीतल्या पांढऱ्या डॉल्फिनचा शोध घेणारी आंतरराष्ट्रीय मोहीम दीड महिना नदी पालथी घालून आली आणि तिला एकही डॉल्फिन दिसला नाही. आपल्याकडच्या पाल्याचा, म्हणजे हिलशाचा, सख्खा चुलतभाऊ असलेला मासा यांगत्सीत लाखोंनी चढत असे. तो त्याआधीच, १९८० च्या दशकात, दिसेनासा झाला होता. आणि चिनी पॅडलफिश. लांब तलवारीसारख्या सोंडेचा, कित्येक मीटर वाढणारा हा मासा डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेल्या वंशातला. २००३ च्या जानेवारीत यीबिनजवळ एक मादी चुकून जाळ्यात सापडली. संशोधकांनी तिच्यावर उपचार केले, माग काढणारं यंत्र लावून तिला नदीत सोडलं, आणि थोड्याच वेळात तिचा माग हरवला. त्यानंतर जिवंत पॅडलफिश कुणालाही दिसला नाही. २०१७-१८ मध्ये संपूर्ण नदीखोऱ्याची पाहणी झाली. ३३२ जातींचे मासे मिळाले, त्यात तो नव्हता. संशोधकांनी निष्कर्ष काढला की तो २००५ ते २०१० च्या दरम्यान नष्ट झाला असावा. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्यावर शिक्का मारला.

पॅडलफिश त्साओंची मागणी लगेच मानली असती तर वाचला असता, असं मी म्हणणार नाही. अभ्यासकांच्या मते १९९३ च्या सुमारासच त्याची वीण इतकी घटली होती की सावरणं कठीण होतं. पण इतर चारशे जातींचं काय? त्यांच्यासाठी ती चौदा-पंधरा वर्षं वाया गेली. नदीतली पकड १९५४ मध्ये सुमारे ४ लाख २७ हजार टन होती, ती अलीकडे एक लाखाच्या खाली आली होती. म्हणजे देशाच्या एकूण मत्स्योत्पादनाच्या अवघे ०.१५ टक्के. चीन जे मासे खातो ते तळ्यांतून आणि समुद्रातून येतात. बंदीमुळे कुणाचं ताट रिकामं होणार नव्हतं. उलट तळ्यातल्या माशांना अधूनमधून नदीतलं सशक्त रक्त लागतं. बीजकेंद्रात त्याच त्या माशांपासून पिढ्या काढत राहिलं की वाण खालावतो. म्हणजे ज्या शेतीवर देश पोसला जातो, तिचं बियाणं या नदीत होतं. इतका कमी तोटा आणि इतका मोठा लाभ असताना निर्णय का झाला नाही? माझं उत्तर: मासेमारी थांबवायची म्हटलं की नदीला आणखी कशाकशाने मारलं हा प्रश्न उघडा पडतो, आणि तो कुणालाच उघडा करायचा नव्हता.

धरणांबद्दल न बोलता यांगत्सीच्या माशांबद्दल बोलणं अप्रामाणिक आहे. १९८१ च्या जानेवारीत गेझोबा धरणाने मुख्य प्रवाह अडवला. चिनी स्टर्जन समुद्रात वाढतो आणि वीण करायला नदीतून जवळजवळ तीन हजार किलोमीटर वर जात असे. त्याची वाट हजारभर किलोमीटर आधीच तुटली. धरणात माशांसाठी वाट ठेवावी का, यावर त्या काळी मोठा वाद झाला. त्साओ आणि त्यांच्या संस्थेतल्या संशोधकांचं मत होतं की स्टर्जन धरणाखालीही वीण करू शकेल, माशांची वाट बांधायची गरज नाही. १९८२ मध्ये धरणाच्या पायथ्याशी स्टर्जनची अंडी खरोखरच सापडली. त्यांचं निरीक्षण बरोबर ठरलं आणि ती वीण तीस वर्षं चालू राहिली. पण त्या निर्णयाने धरणाचा दरवाजा पॅडलफिशसाठीही बंदच राहिला. शिवाय वर एकामागून एक धरणं येत गेली. २००३ मध्ये थ्री गॉर्जेसचा जलाशय भरू लागला. थंडीच्या सुरुवातीला धरणातून सुटणारं पाणी पूर्वीपेक्षा उबदार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पूर्वीपेक्षा गार असतं, त्यामुळे विणीचे इशारे सरकले. २०१३ मध्ये पहिल्यांदाच स्टर्जनची नैसर्गिक वीण आढळली नाही. २०१५ मध्येही नाही. २०१६ मध्ये थोडी आढळली आणि त्यानंतर नाही.

या प्रसंगामुळे त्साओंबद्दलचा माझा आदर कमी होत नाही, पण त्यातून एक गोष्ट शिकावी असं मला वाटतं. शास्त्रज्ञाला प्रश्न विचारतानाच त्याचं उत्तर आखून दिलेलं असतं. ‘धरण होणारच आहे, एका माशाला कसं वाचवायचं ते सांगा’ असं विचारलं, तर एका माशापुरतं खरं उत्तर मिळतं. ‘नदीला काय लागतं’ असं कुणी विचारत नाही. त्साओंनी पुढच्या आयुष्यात हा दुसरा प्रश्न स्वतःहून उचलला, हे त्यांचं मोठेपण. यांगत्सीच्या वरच्या भागातल्या दुर्मीळ माशांसाठी राष्ट्रीय राखीव क्षेत्र केलं गेलं. २००५ मध्ये दोन अजस्र धरणांसाठी त्याच्या सीमा बदलल्या, बदल्यात छिशुई ही उपनदी त्यात घेतली. २०११ मध्ये श्याओनानहाय धरणासाठी पुन्हा कात्री लावली. हे शेवटचं धरण मात्र २०१५ मध्ये नाकारलं गेलं. छिशुईच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. ही नदी मोकळी राहावी यासाठी त्साओ सतत बोलत राहिले. दहा वर्षांच्या बंदीचा पहिला प्रयोगही तिथेच झाला, १ जानेवारी २०१७ पासून. यांगत्सीच्या चार वर्षं आधी.

म्हणून बंदीचं स्वागत करताना मी एक आक्षेप जोडूनच ठेवतो. ज्या २०२१ साली मच्छीमारांची जाळी जप्त झाली, त्याच वर्षीच्या जूनमध्ये यांगत्सीच्या वरच्या अंगावर, चिन्शा नदीवर, १६ हजार मेगावॉटच्या बायहतान प्रकल्पाची पहिली यंत्रं सुरू झाली. नदीची दुरवस्था कितीतरी हातांनी केली: धरणांनी, वाळू उपशाने, जहाजांनी, सांडपाण्याने, सरोवरांच्या तोंडाशी बांधलेल्या दरवाजांनी. एकेकाळी नदीशी जोडलेली शंभराहून जास्त सरोवरं होती. आज मुक्तपणे जोडलेली दोन-तीनच राहिली आहेत. या सगळ्यांतून सर्वांत आधी आणि सर्वांत पूर्णपणे थांबवला गेला तो होडीवाला. कारण तो सर्वांत दुबळा होता. त्याला थांबवणं आवश्यक होतं, मी ते नाकारत नाही. पण त्याची किंमत त्याने एकट्याने का मोजायची? मोठ्या संख्येने हे मच्छीमार पन्नाशीच्या आसपासचे, फारसं शिक्षण नसलेले, जन्मभर पाण्यावर राहिलेले. चीनने होड्या-जाळ्यांची भरपाई दिली, निवृत्तिवेतनाच्या योजनेत घेतलं, काहींना नदीवर गस्त घालायच्या कामाला लावलं. हे शेवटचं मला सर्वांत योग्य वाटतं. मासा कुठे लपतो, रात्री चोरटे कुठून येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बंदीचा कालावधी माशाच्या वयावरून ठरत असेल, तर भरपाईचा कालावधी माणसाच्या वयावरून ठरायला हवा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला एकरकमी पैसे देऊन मोकळं होता येत नाही. त्याच्यापुढे अजून वीस वर्षं आहेत.

एक प्रतिवाद नेहमी येतो: असलं काही फक्त हुकूमशाहीतच जमतं. मला हे पटत नाही. तसं असतं तर त्याच सत्तेने २००६ मध्ये ऐकलं असतं. शी जिनपिंग यांनी २०१६ च्या जानेवारीत चोंगचिंगला यांगत्सीवर मोठे विकास-प्रकल्प नकोत, संरक्षण हवं, असं सांगितल्यावर यंत्रणा हलली. म्हणजे आकडा दहा वर्षं पडून होता आणि तो उचलायला एका माणसाच्या शब्दाची वाट पाहावी लागली. दुसरीकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पट्टेदार बास या माशाची अवस्था वाईट झाली, तेव्हा मेरीलँड राज्याने १९८५ मध्ये पाच वर्षांसाठी त्याची मासेमारी बंद केली. तिथल्या किनारी राज्यांनी ठरवलेलं सूत्र फार बोलकं आहे: १९८२ मध्ये जन्मलेल्या माशांची पिढी धरायची आणि त्यातल्या ९५ टक्के माद्यांची निदान एकदा वीण होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. निवडणुका होणाऱ्या, वकील आणि मच्छीमार संघटना जागरूक असणाऱ्या देशात हे झालं आणि मासा परत आला. उलट कॅनडाने १९९२ च्या जुलैमध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली ती दोन वर्षांसाठी. कॉड वयात यायलाच पाच ते सात वर्षं लागतात. तीसएक हजार माणसांचा रोजगार गेला, आणि ती दोन वर्षं लांबत लांबत तीस वर्षांवर गेली. तिथेही लोकशाही होती आणि शास्त्रज्ञही होते. फरक वेळेवर ऐकण्याचा होता, आणि कुणाचं वय मोजलं याचा.

हेच मोजमाप आपल्या किनाऱ्याला लावून पाहिलं तर दिसतं की महाराष्ट्रात समुद्रातली पावसाळी बंदी अनेक वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. बोंबलासारख्या अल्पायुषी माशाला या दोन महिन्यांचा उपयोग होतो. पापलेट वर्ष-दीड वर्षात वयात येतं. त्याला दहा वर्षांची बंदी नको, पण वर्षभर हाताएवढी पिल्लं उचलू न देणारा नियम हवा. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि पन्नासहून जास्त जातींसाठी किमान आकार ठरवला; माझ्या दृष्टीने बंदीच्या ६१ दिवसांपेक्षा हा आकाराचा नियम महत्त्वाचा आहे, कारण तो त्या-त्या माशाच्या वयाशी बांधलेला आहे. त्याची अंमलबजावणी लिलावाच्या धक्क्यावर झाली पाहिजे. मुशीसारखे मासे मात्र वयात यायला कित्येक वर्षं घेतात आणि मोजकीच पिल्लं देतात. मुशीला आणि बोंबलाला एकच ६१ दिवस लावणं म्हणजे दोघांपैकी एकाचंही आयुष्य न पाहणं. आपल्याकडच्या संशोधन संस्थांत माशांच्या वयाची माहिती आहे. ती नियमांत उतरत नाही.

आता यांगत्सीत काय दिसतं? बिनपाठपंखाची शिंशुक, जिला स्थानिक लोक नदीचं डुक्कर म्हणतात, ती २०१७ च्या गणनेत १,०१२ होती. २०२२ मध्ये १,२४९ भरली. गणना सुरू झाल्यापासून तिची संख्या पहिल्यांदाच वाढली. २०११ पासून थ्री गॉर्जेसमधून मे-जूनमध्ये मुद्दाम पाणी सोडून कार्पसाठी कृत्रिम पूर आणला जातो. धरण चालवणाऱ्यांनी माशाच्या वेळापत्रकाप्रमाणे दरवाजे उघडणं, ही मला बंदीइतकीच मोलाची गोष्ट वाटते आणि ती प्रत्येक धरणावर सक्तीची असायला हवी. २०२१ च्या मार्चपासून लागू झालेला यांगत्सी संरक्षण कायदा त्यासाठी आधार देतो.

पण खरी परीक्षा दहा वर्षं पूर्ण होतील तेव्हा आहे. जुन्या मच्छीमारांना नदी परत हवी असेल, बाजाराला ‘नदीचा मासा’ हवा असेल, अधिकाऱ्यांना यश जाहीर करायचं असेल. त्या दिवशी नदी सरसकट उघडली, तर दहा वर्षं वाढलेले मोठे मासे पहिल्या दोन मोसमांत संपतील आणि सगळा खर्च पाण्यात जाईल. उघडायचीच असेल तर जातीनुसार, भागानुसार, मोजून उघडावी. छिशुईसारख्या उपनद्या आणि मोठ्या सरोवरांची तोंडं कायमची बंद ठेवावीत. आणि आधी ज्यांनी धंदा सोडला त्यांनाच पहिला हक्क द्यावा. दहा हा आकडा कार्पच्या वयावरून आला आहे. तो सगळ्यांना पुरत नाही. स्टर्जनच्या पकडीला १९८३ पासून मनाई आहे, पण दुसऱ्या माशांसाठी टाकलेलं जाळं त्याला ओळखत नाही. त्याची मादी वयात यायला निदान चौदा वर्षं लागतात, कधी पंचवीसही. यांगत्सीत स्टर्जनची शेवटची नोंदलेली नैसर्गिक वीण २०१६ च्या हिवाळ्याच्या सुरुवातीची. त्या अंड्यांतून निघालेली एखादी मादी आज पूर्व चीनच्या समुद्रात वाढत असेल, तर ती लवकरात लवकर २०३० च्या अखेरीस वीण करण्याजोगी होईल आणि नदीच्या मुखाशी येईल. दहा वर्षांची मुदतही नेमकी तेव्हाच, ३१ डिसेंबर २०३० ला, संपते.